वय नको, धूर मोजा

रविवारची गर्दी गडावरून उतरली, शेवटच्या पंगतीची ताटं घासून पालथी घातली आणि मी हात पुसत पडवीत आले. मुलगा माझीच वाट बघत बसला होता. त्यानं एक कागद पुढे सरकवला. हायब्रीड गाडीचं कोटेशन होतं. ऑन रोड साडेएकोणीस लाख. त्याखाली त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बोलेरोचे अडीच वजा’. म्हणाला, “आई, अकराचं ॲव्हरेज देणारी गाडी आता किती दिवस ओढायची?”

मी लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याला घर, घराला लागूनच आमची खानावळ, आणि खालच्या अंगाला भाताची चार खाचरं. बोलेरो आमच्या ह्यांनी २००९ च्या नोव्हेंबरात घेतली, सुगी संपल्यावर. एमएच १४ पासिंग. त्या काळात मावळात जमिनी विकून मोठ्या गाड्या दारात आणायची लाट होती. ह्यांनी एक गुंठाही विकला नाही. दुधाचे पैसे, खानावळीचे पैसे आणि पाच वर्षांचा हप्ता यांवर ती गाडी उभी राहिली. २०१६ साली ह्यांनीच मला ती शिकवली, गायमुख खिंडीपासून खाली भाज्यापर्यंत, पावसाळा सुरू व्हायच्या आधी. २०२० मध्ये हे गेले. तेव्हापासून मीच चालवते. कामशेतच्या गॅरेजात मला ‘बोलेरोवाल्या काकू’ म्हणतात.

एवढं सांगितलं म्हणजे गाडीवर माझा जीव आहे हे कळलंच असेल. पण जीव आहे म्हणून हिशेब टाळायचा नाही, असं ठरवून मी तो कागद आठवडाभर देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि खरोखर हिशेब मांडला. असाच कागद आज मावळातल्या, मुळशीतल्या, जुन्नरातल्या किती घरांत पुढे आला असेल. म्हणून हे चार लोकांपुढे ठेवते आहे.

आधी नव्या गाडीचं चांगलं सांगते, कारण तिच्यात चांगलं पुष्कळ आहे. हायब्रीड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. तिला बाहेरून चार्ज करावं लागत नाही. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की चाकांचा जो जोर आपण उष्णता करून फुकट घालवतो, तोच ती विजेत बदलून बॅटरीत भरते. गर्दीत थांबत-सरकत जाताना इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. जपानात १९९७ साली प्रियस आली तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे. आपल्याकडे ते मध्यम भावाच्या उंच गाड्यांत आलं ते २०२२ साली, टोयोटाच्या हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड व्हिटारामधून. कागदावर त्यांचं ॲव्हरेज २७.९७ किलोमीटर. मी चिंचवडला चालवून पाहिली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा इंजिन बंद पडलं असं वाटून मी किल्लीकडे हात नेला. शेजारी बसलेला शोरूमचा मुलगा म्हणाला, “काकू, चालूच आहे.” इतकी शांत. धूर नाही, थरथर नाही. पाठदुखीच्या माणसाला ती शांतता काय असते ते मला त्या अर्ध्या तासात समजलं.

पण ती शांतता शहराच्या रस्त्यावरची होती. “आमच्या घाटापर्यंत नेऊन बघू का?” असं विचारलं, तर तेवढ्या लांब न्यायची परवानगी नाही म्हणाला.

आमचा घाट ज्यांनी सुट्टीच्या दिवशीच पाहिला असेल, त्यांना तो फोटोतला दिसतो. मळवली स्टेशन, भाजे, लेण्यांचा फाटा, मग चढ, वळणं, गायमुखाची खिंड, उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. जूनच्या मध्याला धुकं उतरलं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. रस्त्यावर वरून माती येते, दगड येतात. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर पाण्याचा लोट रस्ता ओलांडून जातो. त्यातून मी काय नेते? भाज्यापर्यंत दुधाचे कॅन. कामशेतहून येताना गॅसच्या टाक्या, तेलाचे डबे, कांद्या-बटाट्याची पोती. दिवाळीनंतर गिरणीवर भात आणि परतीला इंद्रायणीचा तांदूळ. हा तांदूळ आमच्याच तालुक्यातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातला, आणि गडावर आलेली माणसं जाताना पाच-दहा किलो हमखास मागतात. ही सगळी ओझी बोलेरोच्या पाठीमागच्या पाट्यांवर बसतात आणि मागच्या चाकांना जोर येतो. चिखलाच्या चढावर वजन मागे सरकतं, तेव्हा ओढणारी चाकं मागचीच असावी लागतात. मला दाखवलेली हायब्रीड पुढच्या चाकांवर ओढते. डिकी २६५ लिटरची, कारण बॅटरीनं जागा घेतली आहे. मी माझ्या ओट्यावरच्या पोत्यांकडे बघून अंदाज घेतला. दोन पोती, तिसरं नाही.

बॅटरीबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. हायब्रीड म्हणजे अर्धी विजेची गाडी असं माझा मुलगासुद्धा धरून चालला होता. या गाडीच्या बॅटरीत पाऊण युनिट वीज मावते, ०.७६. आमच्या खानावळीतला पंखा दहा तास फिरला तर एवढी वीज जाते. ती पेट्रोल वाचवायला मदत करते, पेट्रोलची जागा घेत नाही. गर्दीत ही मदत खूप होते, कारण तिथे दर मिनिटाला ब्रेक आहे. आमच्या घाटात चढताना ब्रेकच नाही. सगळा चढ शेवटी इंजिनालाच ओढायचा असतो.

आता पैशाचं. गाडीच्या खणात माझी एक वही असते. ह्यांची सवय, मी पुढे चालू ठेवली. डिझेल, किलोमीटर, काम, सगळं तारखेवार. गेल्या तीन वर्षांत बोलेरो वर्षाला सरासरी नऊ हजार किलोमीटर फिरली. ॲव्हरेज अकरा. म्हणजे वर्षाला ८१८ लिटर डिझेल, ९१ च्या भावानं साडेचौऱ्याहत्तर हजार रुपये. हायब्रीडचं मी सत्तावीस धरलं नाही. लोणावळ्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे ती गाडी आहे, त्याला एकवीस-बावीस मिळतात. त्यात आमचा घाट, आमचं ओझं आणि आताच्या पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच. मी वीस धरले. वर्षाला ४५० लिटर, १०४ च्या भावानं ४६,८०० रुपये. वाचले साडेसत्तावीस हजार.

साडेसत्तावीस हजार ही आमच्यासारख्या घराला लहान रक्कम नाही. पण ती वाचवायला काय द्यायचं? जुनी गाडी देऊन आणि साठवलेलं घालून चौदा लाखांचं कर्ज लागेल. नऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता येतो साडेबावीस हजार. हप्ता महिन्याचा आहे आणि इंधनाची बचत वर्षाची, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मुलगाही गप्प झाला. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच एक लाख वीस हजार जातं. पेट्रोल वाचवून व्याजाचा पाव हिस्साही निघत नाही.

यावर मुलाचं म्हणणं असं, की जुन्या गाडीचा खर्च तू मोजलाच नाहीस. मोजला आहे. क्लच प्लेट, पाट्यांचे बुश, एकदा चार टायर, दोनदा बॅटरी, रेडिएटरचं काम, मजुरी, सगळं धरून तीन वर्षांची सरासरी अडतीस हजार येते. विमा मी थर्ड पार्टी उतरवते, दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला त्याचा मूळ हप्ता ७,८९७ रुपये. नव्या गाडीला कर्ज आहे म्हणजे पूर्ण विमा घ्यावाच लागतो. तो आणि सर्व्हिसिंग मिळून माझा अडतीस हजारांचा खर्च भरून निघतो. शिवाय बोलेरोचं पोट कामशेतचा कुठलाही मिस्त्री उघडू शकतो. हायब्रीडच्या बोनेटखाली नारंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांत जीवघेणा दाब असतो, शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावू नये. कंपनी बॅटरीची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते, ही चांगली गोष्ट आहे. पण ऐन पावसात गाडी गायमुखाला बंद पडली तर ती पुण्याला उचलून न्यावी लागेल, आणि तोवर दूध कोण नेणार?

मात्र हाच हिशेब माणूस बदलला की बदलतो, हे मी मुलाला मोकळेपणानं सांगितलं. तो चाकणला वाहनांचे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. इथून तळेगावमार्गे चाकण, येऊन-जाऊन शंभर किलोमीटर धरा. रोज गाडीनं गेला तर वर्षाला तीस हजार किलोमीटर. तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी तर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, म्हणजे हायब्रीडला अगदी हवा तसा रस्ता. तिथे वर्षाला नव्वद हजारांची बचत होईल. मुंबई-पुणे भाडी मारणारे, गावोगाव फिरून माल विकणारे, रोज पिंपरीहून हिंजवडीला जाणारे, अशांनी जुनी डिझेल गाडी ठेवून बसू नये, हायब्रीडच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा मुलगा मात्र सध्या कामशेतपर्यंत मोटारसायकलनं आणि तिथून कंपनीच्या बसनं जातो. त्या बसइतकं स्वस्त आणि कमी धुराचं कुठलंच कोटेशन निघणार नाही.

विजेच्या गाडीचंही घरात बोलणं झालं. राज्य सरकारनं २०२५ च्या धोरणात तिला द्रुतगती मार्गावर टोल माफ केला आहे, जीएसटीही तिच्यावर पाचच टक्के. पण पावसाळ्यात आमच्याकडे झाड तारेवर पडलं की वीज दोन-दोन दिवस येत नाही. पाण्याची मोटर तरी चालू होऊ दे, मग गाडीचं बघू, एवढंच मी म्हणाले.

पैशाचा हिशेब माझ्या बाजूनं झुकला म्हणून मी लगेच जिंकले असं नाही. मुलाचा दुसरा मुद्दा पृथ्वीचा होता, आणि तो मला टाळायचा नव्हता. शिकलेल्या पोरांना त्याची खरी काळजी आहे. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पेट्रोलचा २.३१ किलो. माझ्या वहीच्या आकड्यांनी बोलेरोचे वर्षाला जवळजवळ बावीसशे किलो होतात, हायब्रीडचे हजार-चाळीस. फरक साडेअकराशे किलोंचा. पण नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचं पोलाद, ॲल्युमिनियम, काच, प्लास्टिक, बॅटरी घडवताना जो धूर निघतो त्याचे पाच ते दहा टनांचे अंदाज वाचायला मिळतात. म्हणजे माझ्या नऊ हजार किलोमीटरांच्या बचतीतून तो फिटायला साडेचार ते नऊ वर्षं लागतील. आणि तेही माझी जुनी गाडी मोडीत निघाली तर. अडीच लाखांना जो ती घेणार होता, त्यानं सरळ सांगितलं की अशा बोलेरोला बाहेरच्या जिल्ह्यांत गिऱ्हाईक लागलेलं असतं. मग गाड्या दोन झाल्या. माझी नवी इथे फिरणार, जुनी तिकडे धूर सोडणार, आणि मी मात्र पर्यावरणासाठी काहीतरी केलं म्हणून समाधानात राहणार.

माझं मन खरं फिरलं ते या हिशेबानं नाही. गेल्या पावसाळ्यात शाळेची एक सहल चालत गडाकडे निघाली होती. भाज्यावरून वर येताना त्यांच्या मागोमाग मी. पाठीमागे दोन टाक्या, चार पोती, गाडी पहिल्या गियरवर. आरशात पाहिलं तर मागून काळा लोट. मी पुढे निघून गेल्यावर रस्त्याच्या कडेला उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी फ्रॉकच्या घेरानं नाक-तोंड झाकून घेताना दिसली. त्या दिवशी पंगत वाढताना माझं लक्ष लागलं नाही. ॲव्हरेजचा प्रश्न माझ्या खिशाचा आहे, धुराचा प्रश्न त्या मुलीच्या छातीचा.

डिझेलचा धूर कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच नक्की केलं. धुराच्या सरकारी नियमांत माझी गाडी भारत स्टेज तीनची. त्या वेळी प्रवासी डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम काजळीची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या स्टेज सहामध्ये ती ०.००४५ ग्रॅम आहे, अकरा पटींनी कमी. इथे माझ्या गाडीची बाजू लंगडी आहे आणि ती लंगडी आहे असंच म्हणायला हवं.

मग मी पीयूसीचा कागद काढून पाहिला. नुकताच काढलेला, सहा महिन्यांचा, पास. पण तो काढताना सायलेन्सरमध्ये नळी घातलीच गेली नव्हती. गाडीचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. मीही घाईत होते, काही बोलले नाही. ही माझीही चूक. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या ठिकाणी गेले आणि म्हटलं, नळी घाला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, जो आकडा येईल तो मला दाखवा. माझ्या गाडीला धुराच्या दाटीची मर्यादा ६५ आहे. आकडा आला ६१. पास, पण कसाबसा. तिथून थेट गॅरेज. एअर फिल्टर मातीनं भरलेला होता, मीच वेळेवर बदलला नव्हता. नोझल काढून तपासून बसवले, पंपाचं टायमिंग जुळवलं, चढावर जोर येत नव्हता तो आला. खर्च सात हजार आठशे. पुन्हा नळी घातली. आकडा ३४.

एकाच गाडीचे हे दोन आकडे. मधल्या काळात तिचं वय बदललेलं नाही.

म्हणून सरकारला माझं सांगणं आहे ते या आकड्यांवरून. आज सगळा कायदा वयाभोवती फिरतो. खासगी गाडीला पंधरा वर्षांची नोंदणी, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. २०२४ च्या नोव्हेंबरात मी हे सगळं भरलं, नंतर नवी नंबर प्लेट बसवली, तक्रार नाही. पण एवढे पैसे घेताना गाडीच्या पोटातून काय बाहेर पडतं याची खरी तपासणी कुठे झाली? सात-आठ वर्षांची, काळा धूर ओकणारी गाडी मान ताठ करून फिरते, कारण तिचं वय कमी आहे. आणि जपलेली सोळा वर्षांची गाडी गुन्हेगारासारखी रांगेत उभी राहते.

दिल्लीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल, या वयाच्या गाड्यांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांत ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नुसत्या वयावरून कारवाई करू नका म्हटलं. डिसेंबरात मात्र ते संरक्षण स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. ते वाचून मला माझ्या स्टेज तीनची काळजी वाटली, तरी हे बरोबर दिशेनं टाकलेलं पाऊल आहे असंच मी म्हणेन. जन्मतारखेपेक्षा गाडी किती घाण करते याच्या ते जवळ जातं. त्याच्याही पुढे जा. प्रत्येक गाडीच्या धुराची यंत्रानं, माणसाच्या हाताशिवाय, दरवर्षी तपासणी करा. आकडा नंबर प्लेटला जोडून कुणालाही बघता येईल असा ठेवा. जो जास्त सोडेल त्यानं जास्त भरावं. माझी गाडी नापास झाली तर मी स्वतः ती मोडीत घालीन.

आणि ज्यांनी खरंच हायब्रीड घ्यायला हवी, त्यांना ती परवडेल असं करा. सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होते, हायब्रीडवर ४३. सात टक्क्यांचा फरक होता. आता चार मीटरपेक्षा लांब, मोठ्या इंजिनाच्या सगळ्यांना सरसकट ४०. कर दोघांचा कमी झाला, पण कमी पिणाऱ्या गाडीची वेगळी सवलत संपली. लिटरला दहा किलोमीटर जाणारी आणि वीस जाणारी या दोघी सरकारच्या नजरेत सारख्याच झाल्या. उत्तर प्रदेशानं २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे किमान टॅक्सी-परवाना असलेल्या आणि जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडून आलेल्या माणसाला तरी तशी मोठी सवलत द्यायला हवी. केंद्राच्या धोरणात खासगी गाडीला पंचवीस टक्क्यांपर्यंत कर सवलतीची मुभा २०२१ पासूनच आहे.

पण मला सगळ्यात जास्त जे बोलायचं आहे, ते आमच्या रस्त्याबद्दल आहे. जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्या दिवशी वाडीत पेढे वाटले, मीही वाटले. गर्दी मात्र त्याच्या आधीपासूनची. २०२३ च्या जुलैतल्या एका रविवारी गडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती. पायऱ्यांवर माणसं अडकतात तशा रस्त्यावर गाड्या अडकतात. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या रविवारी शेजारच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका भाज्यापर्यंत लगेच आली, पण पुढे चढायला जागाच नव्हती. दोन्ही कडांना गाड्या. मी बोलेरो काढली. दोन चाकं चरात, दोन डांबरावर, सासू मागे तिचं डोकं मांडीवर धरून. सात किलोमीटरांना पन्नास मिनिटं लागली. पोरगी सुखरूप झाली, आता अंगणवाडीत जाते.

त्या दिवशी अडकलेल्या गाड्यांत किती नव्या होत्या, किती हायब्रीड होत्या, कोण जाणे. उभी राहिल्यावर सगळ्या सारखीच जागा अडवतात. एकेका गाडीत दोन-तीन माणसं. आमच्या घाटाचं खरं इंधन वाचेल ते शनिवार-रविवार मळवलीहून वर बस सोडली तर. लोकल थेट मळवलीला येते. स्टेशनाजवळ आणि भाज्यात गाड्या थांबवा, तिथून दर पंधरा मिनिटांनी लहान बस. सिंहगडावर मे २०२२ मध्ये ई-बसचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच बंद पडला, हे मला माहीत आहे. तो बंद पडला म्हणून विचार चुकीचा ठरत नाही. पुरेशा गाड्या, चार्जिंगची सोय आणि घाटाला झेपेल अशी बस, ही तयारी आधी हवी. माथेरान बघा, दस्तुरी नाक्याच्या आत बाहेरची मोटार जात नाही, तरी माणसं तिथे जायची थांबलेली नाहीत. वाडीतल्या पोरांचं पोट पार्किंगवर आहे हे मी विसरले नाही. त्याच पोरांना बस चालवायला द्या, तिकीट फाडायला द्या, खालच्या पार्किंगचा ठेका ग्रामपंचायतीला द्या. आमच्या पंगतीला येणारी माणसं बसनं आली तरी त्यांना भूक तेवढीच लागेल.

घरात ठरलं ते असं. बोलेरो नोव्हेंबर २०२९ पर्यंत ठेवायची, नोंदणी तेव्हापर्यंतच आहे. दर सहा महिन्यांनी नळी घालूनच पीयूसी. आकडा ५० च्या वर गेला तर आधी काम, मग रस्ता. फेऱ्या कमी करायच्या. २०२९ नंतर ती कुणालाही विकायची नाही, अधिकृत केंद्रात मोडायला द्यायची. मुलगा तळेगावात बिऱ्हाड करून बस सोडणार असेल, तर त्याच्या हायब्रीडच्या डाउन पेमेंटला मी दोन लाख देईन, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अजून विचार करतो आहे.

कोटेशनचा कागद मी फेकला नाही. पाठीमागची बाजू कोरी होती. परवा मुलानं त्यावर कामशेतची यादी केली: गॅसच्या दोन टाक्या, तेलाचा डबा, कांदे एक पोतं, शेजारच्या सासूबाईंची औषधं, शाळेच्या खिचडीचा तांदूळ, एअर फिल्टर. खाली लिहिलं, ‘सगळं एकाच फेरीत’.